गाडी लो करायची आहे, खिशात पंधरा हजार आहेत

पत्र : दादा, मी गुहागर तालुक्यातला, वय 24. बाबांची 2014 ची स्विफ्ट डिझेल (व्हीडीआय) आता बहुतेक मीच चालवतो. चाक आणि मडगार्डच्या मध्ये अख्खी मूठ जाते, गाडी टाचा उंचावून उभी राहिल्यासारखी दिसते. मला ती लो करायची आहे. एक ओळखीचा मेकॅनिक म्हणतो, स्प्रिंगांची दीड-दीड वेटोळी कापून देतो, चारही चाकांचे दोन हजार. एक मित्र म्हणतो, पेट्रोल स्विफ्टच्या जुन्या स्प्रिंगा टाक, गाडी आपोआप बसेल. माझ्याकडे पंधरा हजार आहेत. गणपतीला मुंबईचे भाऊ येणार, त्याआधी काम व्हायला हवं. बाबांचा विरोध आहे, ते म्हणतात, मग आंब्याच्या पेट्या कशातून न्यायच्या? घर वाडीत खाली आहे, रस्त्यावरून सिमेंटचा उतार उतरावा लागतो. अधूनमधून धोपाव्याहून फेरीबोटीने पलीकडे दाभोळला, तिथून दापोलीला ताईकडे जाणं होतं. कसं करू?

उत्तर :

गाडी लो करता येते, कमी पैशातही करता येते. पण ग्राइंडरने स्प्रिंगा कापून नाही, आणि गणपतीआधी तर नाहीच. तुझ्या रस्त्यांवर गाडी 25 ते 30 मिलिमीटरपेक्षा जास्त खाली आणू नकोस. पंधरा हजारांत सगळं एका फटक्यात बसणार नाही, म्हणून काम दोन टप्प्यांत कर. माझं म्हणणं एवढंच आहे. पण नुसतं 'करू नको' म्हणून तुझ्या वयाच्या कुणाला थांबवता येत नाही आणि थांबवूही नये, म्हणून कारणं नीट सांगतो.

आधी त्या दोन हजारांच्या कामाबद्दल. स्प्रिंग म्हणजे गुंडाळलेली सळईच. सळई लांब तितकी स्प्रिंग नरम. वेटोळी कापली की सळई आखूड होते आणि स्प्रिंग कडक होते. समज, कामाची वेटोळी सहा आहेत. एक काढलं तर कडकपणा 20 टक्क्यांनी वाढतो, दीड काढली तर 33 टक्क्यांनी. शॉकअप मात्र जुनाच राहतो, कंपनीच्या स्प्रिंगेचा हिशोब धरून बनवलेला. खड्ड्यात दाबली गेलेली कडक स्प्रिंग जोरात उसळते आणि तिला आवरायचा दम त्या शॉकअपमध्ये नसतो. त्यामुळे स्प्रिंग कापलेली गाडी कडकही लागते आणि उड्याही मारते. एखाद्या वळणावर मध्येच खड्डा आला की मागचं चाक रस्ता सोडतं. कुंभार्ली घाट उतरताना हे काय होईल, ते तुला सांगायला नको.

दुसरी गोष्ट स्प्रिंगेच्या टोकाची. कंपनीची स्प्रिंग जिथे बसते तिथली वाटी आणि रबर त्या टोकाच्या आकाराचं असतं. टोक कापून टाकलं की उरलेलं वेटोळं वाटीत तिरकं बसतं. अशी उतरवलेली स्प्रिंग मी हातात घेऊन पाहिली आहे. कापल्या जागी पोलाद ग्राइंडरच्या उष्णतेने निळं-काळं पडलेलं, धार तशीच ठेवलेली, त्या धारेने खालचं रबर आरपार चिरलेलं आणि रबराखालच्या पत्र्यावर घासून घासून चकचकीत रेघ उमटलेली. पुढच्या बाजूला स्प्रिंग निदान स्ट्रटमध्ये, म्हणजे शॉकअप आणि स्प्रिंग यांच्या एकत्र जोडणीत, अडकलेली असते. तुझ्या गाडीला मागे शॉकअप वेगळा आहे आणि स्प्रिंग दोन्ही चाकांना जोडणाऱ्या आडव्या बीमवर नुसती बसलेली आहे, वरून गाडीच्या वजनाने दाबलेली. ती आखूड झाली की जॅक लावल्यावर किंवा चाक एखाद्या खोल खड्ड्यात लोंबकळलं की सैल होते. सैल झालेली स्प्रिंग परत जागेवर बसेलच असं नाही, निसटून पडूही शकते.

आणि आपल्याकडे वरून समुद्र आहे. स्प्रिंगेवर कंपनीने चढवलेला थर हेच तिचं खाऱ्या हवेपासूनचं संरक्षण. कापल्या जागी तो थर उरत नाही. त्यात सगळ्यात खालचं वेटोळं म्हणजे लाल माती आणि पाणी साचायची हमखास जागा. कापली नसली तरी किनाऱ्यावरच्या गाड्यांची स्प्रिंग बहुतेक तिथेच गंजून तुटते. आधीच दुबळ्या जागी आपण होऊन जखम करायची आणि चार महिने पावसात फिरवायची, हे मला पटत नाही. गॅसने तापवून स्प्रिंग बसवतात, ते याहून वाईट, कारण पोलादाला दिलेलं पाणीच उतरतं आणि पुढे ती स्वतःहून बसत जाते. दोन वेटोळी क्लॅम्पने बांधून टाकायची पद्धतही सोड. तो क्लॅम्प सरकला की एक बाजू अचानक वर येते.

तुझ्या मित्राची पेट्रोलची युक्ती ऐकायला हुशारीची वाटते आणि गाडी खरंच खाली बसेल. पण का बसेल ते बघ. डिझेल इंजिन जड, म्हणून त्या गाडीला पुढच्या स्प्रिंगा जास्त वजन पेलणाऱ्या दिलेल्या असतात. त्या जागी हलक्या इंजिनाच्या, वर वापरून थकलेल्या स्प्रिंगा टाकल्यास तर गाडी खालीही येईल आणि नरमही होईल. लो करताना कुणीही शहाणा माणूस स्प्रिंग थोडी कडक निवडतो, कारण खाली आलेल्या गाडीला दाबलं जायला जागा कमी उरते. तुझा मित्र सांगतो ते नेमकं याच्या उलटं आहे. प्रत्येक गतिरोधकावर पुढचं नाक आपटेल आणि ब्रेक मारला की वाकेल.

आता तुझ्या रस्त्यांकडे येतो, कारण किती खाली जायचं हे शेवटी रस्ताच ठरवतो. तुझ्या स्विफ्टचा ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे पोट आणि जमीन यांच्यातली जागा, रिकाम्या गाडीला 170 मिलिमीटर आहे. तीस काढले की 140. गतिरोधकासाठी इंडियन रोड्स काँग्रेसची जी शिफारस आहे, त्यात उंची 10 सेंटिमीटर आणि रुंदी 3.7 मीटर धरली आहे, गोलाईची त्रिज्या 17 मीटर. तुझ्या गाडीच्या पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर 2430 मिलिमीटर. म्हणजे नियमाप्रमाणे बांधलेल्या गतिरोधकावर अख्खी गाडी चढून बसते आणि त्याची गोलाई पोटाखाली साधारण 43 मिलिमीटर वर येते. 140 मधून 43 गेले तरी 97 उरतात, गाडी सुखाने निघून जाते. पण असे गतिरोधक आपल्याकडे मोजकेच. वाडीच्या तोंडाशी रात्रीतून घातलेला असतो तो अरुंद, टोकदार, कधी वीतभर उंच डांबराचा बांध. तो दोन चाकांच्या मध्ये मावतो आणि त्याची सगळीच्या सगळी उंची पोटाला भिडते. 150 चा बांध आज तुझ्या पोटाखालून जेमतेम निघतो. उद्या निघणार नाही. ही मोजमापं रिकाम्या गाडीची आहेत. पाच माणसं आणि डिकीत सामान असलं की हिशोब आणखी खाली येतो.

पोट घासलं म्हणजे फक्त आवाज होतो असं समजू नकोस. पुढे सगळ्यात खाली जे असतं त्यात इंजिनाचं ऑइल चेंबर येतं. चेंबरला चीर गेली तर ऑइल गळायला वेळ लागत नाही. डॅशबोर्डवर ऑइलचा लाल दिवा लागला तर जिथे असशील तिथे इंजिन बंद कर. गॅरेजपर्यंत कशीबशी नेतो म्हणून चालवलेली गाडी इंजिन जाम करून घेते, आणि त्या खर्चात तुझे पंधरा हजार कुठल्या कुठे जातील.

म्हणून एक पैसाही खर्च करण्याआधी ही चाचणी कर. फ्रिज किंवा टीव्हीच्या खोक्यात येतो तो पॅकिंगचा फोम मिळव, त्याच्या 30 मिलिमीटर जाडीच्या पट्ट्या काप. गाडीचं पोट आधी धुऊन कोरडं कर, नाहीतर लाल मातीवर टेप धरत नाही. एक पट्टी पुढच्या बंपरच्या खालच्या ओठाला लाव, एक पुढच्या चाकांच्या मधल्या आडव्या क्रॉसमेंबरखाली, आणि दोन्ही बाजूंना दारांच्या खाली जिथे जॅक लावतो त्या कडेला एकेक. सायलेन्सर आणि त्याच्या पाइपाजवळ लावू नकोस, फोम वितळेल आणि पेटूही शकेल. आता तुझी गाडी तीस मिलिमीटर खाली आल्यासारखीच आहे. घरचा उतार चढ-उतर कर. बाजाराला जा. चिपळूणला जाऊन ये. ताईकडे जा, आणि शक्य झालं तर फेरीवर एकदा भरतीला आणि एकदा ओहोटीला चढ, कारण बोट धक्क्याच्या उतारावर कुठे लागते आणि तिची फळी किती तिरकी पडते ते पाण्याबरोबर बदलतं. एक चक्कर घरची सगळी माणसं बसवून मार. परत आल्यावर खाली वाकून बघ. फोमवर कुठे ओरखडा आहे, कुठे तुकडा उडालाय आणि तो कुठल्या जागी उडाला, ते लिहून ठेव.

तुझ्या वर्णनावरून मला दोन जागांची शंका येते. घरचा उतार जिथे रस्त्याला मिळतो तिथला उंचवटा, आणि फेरीची फळी जिथे बोटीच्या सपाट भागाला मिळते ती कड. दोन्हीकडे पुढची चाकं पुढे निघून जातात आणि पोट मध्ये टेकतं. घरचा उतार सिमेंटचा आहे, तिथे कड थोडी फोडून कोन सौम्य करता येईल. गवंड्याचं एका दिवसाचं काम आहे. फेरीचं मात्र तुझ्या हातात काही नाही. तिथे फोम घासला तर 20 मिलिमीटरच्या पट्ट्या लावून पुन्हा जा. वीसलाही घासला तर तुझ्यासाठी स्प्रिंग बदलण्याचा विषय संपला, खाली सांगतो त्या पहिल्या टप्प्यावरच थांब.

फोमने गाडीखालची जागा कळते. आतली जागा, म्हणजे शॉकअपला दाबलं जायला किती वाव उरलाय, ते कळायला दुसरा उपाय आहे आणि तोही जवळपास फुकटच. पुढचं चाक काढून स्ट्रटवरचं रबरी धूळकव्हर वर सरकवायचं आणि शॉकअपच्या चकचकीत दांड्याला प्लॅस्टिकचा केबल टाय बांधायचा. तो दांड्यावर सरकेल इतपतच घट्ट हवा, आणि सुरुवातीला खाली, शॉकअपच्या तोंडाला टेकवून ठेवायचा. कव्हर जागेवर बसवून आठवडाभर गाडी नेहमीसारखी चालव. प्रत्येक धक्क्याला शॉकअप त्या टायला वर ढकलतो, आणि टाय जिथे थांबलेला सापडेल तिथपर्यंत तुझी स्प्रिंग दाबली गेली होती. त्याच्या वर दांड्यावर बंपस्टॉप असतो, म्हणजे स्प्रिंग पूर्ण दाबली गेली की धक्का झेलणारं रबर. टाय आणि बंपस्टॉप यांच्यात तीन-चार बोटं जागा उरली असेल तर तीस मिलिमीटर खाली यायला हरकत नाही. टाय जाऊन बंपस्टॉपलाच चिकटला असेल, तर तुझी गाडी आजच्या उंचीलाच तळ गाठते आहे आणि खाली आणलीस की रोज आपटेल. मागच्या शॉकअपलाही असंच कर. स्प्रिंगा बदलणाऱ्यांपैकी फार थोडे जण हे बघतात, आणि नंतर 'राइड खराब झाली' म्हणून स्प्रिंगेला दोष देतात.

टाय बांधायला चाक काढलंच आहेस तर मागच्या स्प्रिंगांमध्ये एकदा डोकाव. वेटोळ्यांच्या मध्ये रबराचे जाड बफर अडकवलेले दिसतात का? पेट्यांच्या वजनाने गाडी मागून बसू नये म्हणून बरेच बागायतदार ते घालून घेतात आणि मग हंगाम संपला तरी तसेच राहतात. बाबांना विचार. ते बफर असतील तर गाडी मागून उंच दिसण्याचं अर्धं कारण तिथेच सापडलं. काढ, धुऊन ठेव, मार्चमध्ये परत घाल.

आता पैशांचं. पहिल्या टप्प्यात, म्हणजे गणपतीआधी, गाडीची उंची आहे तशीच राहू दे आणि थकलेलं सामान बदल. गाडी इतक्या वर्षांची आहे, तीही आपल्या रस्त्यांवरची. शॉकअपच्या अंगावर तेलाचा ओलावा आणि त्यावर चिकटलेली माती दिसली तर तो गेला. बॉनेटचा कोपरा दाबून सोड. गाडी वर येऊन स्थिर झाली तर ठीक, पुन्हा खाली-वर डोलली तर शॉकअप थकलाय. स्टिअरिंग जागेवर फिरवताना पुढून कटकट आवाज येत असेल तर स्ट्रटच्या वरचं माउंटिंग आणि बेअरिंग बघून घे. लोअर आर्मचे रबरी बुश, बॉल जॉइंट, लिंक रॉड हे चाकाला धरून ठेवणारे सांधेही. यातलं जे गेलं असेल ते बदलणं हा लो करण्याचाच भाग समज. सैल बुशांवर नवी स्प्रिंग बसवून गाडी सरळ धावणार नाही.

त्यातून उरतील त्या पैशांत चाकं बघ. तुझ्या गाडीला 165/80 आर 14 टायर आहेत. त्याच पिढीच्या वरच्या मॉडेलला, झेडडीआयला, कंपनीच 185/65 आर 15 देत होती. दोन्हींचा बाहेरचा व्यास जवळजवळ सारखा, 620 मिलिमीटरच्या आसपास, त्यामुळे स्पीडोमीटर चुकत नाही आणि टायर आत कुठे घासत नाही. पण रुंद टायर आणि मोठी रिम यांमुळे मडगार्डखालची पोकळी भरल्यासारखी दिसते, गाडी रुंद पाय टाकून उभी राहते. तुझ्या पत्रातली निम्मी तक्रार 'उंच दिसते' अशी आहे, आणि ती बहुतेक इथेच मिटेल. त्याच मॉडेलच्या, त्याच पिढीच्या कंपनीच्या जुन्या अलॉय रिम मिळतात, कारण नवी गाडी घेऊन लगेच चाकं बदलणारे पुष्कळ आहेत. घेताना रिम मशीनवर फिरवून वाकडी आहे का ते पाहा आणि आतल्या बाजूला वेल्डिंगचा डाग शोध. खड्ड्यात तडकलेली रिम वेल्डिंग मारून, रंग देऊन सर्रास विकली जाते. टायर मात्र जुने घेऊ नकोस. पावसाळ्यात निसरड्या उतारावर गाडीला धरून ठेवणारं दुसरं काही नसतं.

गणपतीत भाऊ बघतील ती गाडी म्हणजे ठणठणीत शॉकअप, पंधराची अलॉय, मागचे बफर काढलेले, स्वच्छ धुतलेली. त्या दिवसांत ती गाडी काय काम करते तेही डोळ्यांसमोर आण. स्टेशनवरून माणसं आणायची, सामान, मखराचे खोके, गौरीचं साहित्य, विसर्जनाच्या दिवशी घाटी उतरून खाली. वर्षातलं सगळ्यात जास्त वजन आणि सगळ्यात खराब रस्ता एकाच आठवड्यात येतो. तेव्हा नवी लो केलेली गाडी फिरवणं म्हणजे पहिल्याच आठवड्यात बंपर सोडून येणं.

दुसरा टप्पा दसऱ्यानंतर, रस्त्यांवरचे खड्डे बुजवले गेले की. तोवर पुन्हा पैसे साठव. चांगल्या लोअरिंग स्प्रिंगांचा चार नगांचा सेट आजच्या तुझ्या पंधरा हजारांतला बहुतेक भाग खाईल, म्हणून तो वेगळा धर. तुझ्या मॉडेलसाठी बनवलेला सेट घे आणि 'डिझेल' हा शब्द दुकानदाराला दोनदा सांग, पेट्रोलचा सेट हातात ठेवला जाणं अगदी सहज होतं. पाकिटावर किती मिलिमीटर खाली येते ते लिहिलेलं असतं, त्यात 30 च्या वरचं घेऊ नकोस. बिननावाचा, स्वस्तातला 'युनिव्हर्सल' सेट नको. प्रत्येक गाडीची वाटी आणि वजन वेगळं असतं, सगळ्यांना बसणारी स्प्रिंग कुणालाच नीट बसत नाही. हवी तशी उंची फिरवता येणारे कॉइलओव्हर तुझ्या बजेटच्या खूप बाहेर आहेत. शिवाय खाऱ्या हवेत त्यांचे आटे गंजून धरतात, किनाऱ्यावर रोजच्या गाडीला मी ते सुचवत नाही.

पण त्याआधी बाबांशी नीट बोलायला हवं, आणि त्याला आंब्याच्या पेट्यांपलीकडचंही कारण आहे. मोटार वाहन कायदा 1988 चं कलम 52 म्हणतं की नोंदणी पुस्तकात लिहिलेल्या, कंपनीने ठरवलेल्या तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हे कलम काटेकोरपणेच वाचलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम 182 अ आलं. परवानगीबाहेरचा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी त्यात तरतूद आहे. 'मालक' हा शब्द लक्षात घे. गाडी बाबांच्या नावावर आहे, म्हणजे तुझ्या हौसेची नोटीस त्यांच्या नावाने येईल. म्हणून काम ठरवण्याआधी आरटीओत जाऊन तुझ्या मॉडेलला हा बदल चालेल का ते विचार, आणि विमा कंपनीला लेखी कळव. न कळवलेला बदल अपघाताच्या दाव्यात तुमच्यावरच उलटू शकतो. आरटीओने नाही म्हटलं तर पहिल्या टप्प्यावर थांब. कंपनीच्याच वरच्या मॉडेलची चाकं घातलेली गाडी घेऊन तू मान वर करून फिरू शकतोस.

पेट्यांचा प्रश्न बाबांनी उगाच काढलेला नाही. मागची सीट पाडून हंगामभर याच गाडीतून माल जाणार असेल, तर मागची बाजू खाली आणूच नये असं माझं स्पष्ट मत आहे, आणि नुसती पुढून खाली आणलेली गाडी नाक घासत चालते. त्यामुळे हंगामात माल टेम्पोने पाठवायचा की नाही, हे आधी घरात ठरव. दोन-चार पेट्या पाहुण्यांकडे न्यायच्या एवढंच असेल तर चालून जाईल. चांगल्या सेटमधली मागची स्प्रिंग बऱ्याचदा वजन वाढेल तशी कडक होत जाणारी असते. फोमची चाचणी करताना बाबांना शेजारी बसव. फोम कुठे घासला ते त्यांनी स्वतः पाहिलं की बोलणं सोपं होईल, मग निर्णय कुठल्याही बाजूचा होवो.

सगळं जुळून आलं, तर बसवतानाच्या काही गोष्टी. पुढचा स्ट्रट उघडायला दोन बाजूंनी धरणारा स्प्रिंग कॉम्प्रेसर लागतो. दोरीने किंवा तारेने बांधून उघडू देऊ नकोस आणि स्प्रिंग दाबलेली नसताना वरचा नट कुणाला सोडवू देऊ नकोस. ती सुटली तर समोरच्याचं तोंड फुटतं. ज्या गॅरेजात कॉम्प्रेसर नाही तिथून सरळ निघ. बंपस्टॉप थोडे कापा असं स्प्रिंगेच्या कागदावर लिहिलं असेल तर तेवढेच कापायचे, काढून टाकायचे नाहीत. लोअर आर्मचे आणि मागच्या बीमचे बोल्ट सोडवले असतील तर त्यांची शेवटची आवळणी गाडी चाकांवर उभी असताना करून घे. जॅकवर लोंबकळत असताना आवळले तर बुशांचं रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं.

काम सुरू करण्याआधी सपाट फरशीवर चारही चाकांच्या मध्यापासून मडगार्डच्या काठापर्यंतची उंची मोजून लिहून ठेव. जमिनीपासून मोजू नकोस, टायरच्या हवेने आकडा बदलतो. नव्या स्प्रिंगा पहिल्या काही दिवसांत अजून थोड्या बसतात, म्हणून दोन आठवड्यांनी पुन्हा मोज आणि मगच शेवटचं व्हील अलाइनमेंट कर. बसवल्या दिवशी एकदा कामापुरतं करून घ्यावंच लागेल, कारण पुढून गाडी खाली आली की टो (वरून बघताना चाकांची दिशा) आणि कॅम्बर (समोरून बघताना चाकांचा कल) दोन्ही बदलतात आणि टायर आतून झिजायला लागतो. बाहेरून बघताना ते दिसत नाही, स्टिअरिंग पूर्ण फिरवून आतली कड हाताने चाचपावी लागते. हेडलाइटचा झोतही तपासून घे, भिंतीसमोर गाडी उभी करून काम व्हायच्या आधी आणि नंतर खूण केलीस की फरक कळतो.

जुन्या स्प्रिंगा भंगारात घालू नकोस. धुऊन, वाळवून, गंजरोधक रंगाचा हात मारून, तेलाचा बोळा फिरवून गोणपाटात बांध आणि माळ्यावर टाक, प्रत्येकीवर पुढची-मागची, डावी-उजवी लिहून. 2029 मध्ये गाडीला पंधरा वर्षं होतील, नोंदणीच्या नूतनीकरणासाठी तपासणीला न्यावी लागेल, तेव्हा त्या परत चढवता येतील. त्याआधी गाडी विकायची झाली तर घेणारा पहिली हीच चौकशी करेल.

— दादा

ता. क. : फोम लावून फेरीवर जाशील तेव्हा बोटीवरच्या माणसाला आधी सांगून ठेव. गाडीखाली चिकटवलेलं काहीतरी लोंबताना दिसलं की तो तुला फळीच्या मध्येच थांबवेल, आणि ओल्या उतारावर डिझेल गाडी हाफ क्लचवर धरून उभं राहायची वेळ येईल.